क्लच नसलेला ट्रक आणि लाल तेल

संघाच्या त्या ट्रकचा विषय निघाला की लोक मला अजून दोन प्रश्न विचारतात. एक, क्लच काढून कुठं टाकला? आणि दुसरा, तेल नक्की कोण नेत होतं? पहिल्याचं उत्तर मी हसत देतो. दुसऱ्याचं देताना मात्र मला खुर्चीत सरळ बसावं लागतं. आता नोकरी संपून बरीच वर्षं झाली, त्यामुळं दोन्ही उत्तरं एकदाच लिहून टाकतो.

मी तालुक्याच्या एका सहकारी संघाच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होतो. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, आणि बाहेर लिंबाचं झाड. संघाचं मूळ काम खत-बियाणं वाटायचं. पण ऐंशीनंतर पाऊस सारखा दगा द्यायला लागला, तेव्हा चारा आणि पाणी पोचवायचं कामही संघाच्या अंगावर आलं. सपाटीच्या गावांना टँकर जायचे. येडशीच्या पलीकडं डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथं टँकर चढत नसे. तिथं जायचा तो आमचा जुना ट्रक.

हा ट्रक अमेरिकन, लष्करानं भंगारात काढलेला. पेट्रोलवर चालायचा. साध्या ट्रकची मागची चाकंच गाडी ढकलतात, याची चारही चाकं जोर लावायची, म्हणून खडकाळ चढावर तो बकरीसारखा चढायचा. त्याच्यावर पाण्याची सहा बॅरलं उभी करून दोरानं आवळली, की वाडीची एका खेपेची सोय झाली. खोड एकच. त्याचे गिअर इतके आखूड, की सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की इंजिन बोंबलायचं आणि पेट्रोल नुसतं ओतल्यासारखं जायचं.

ट्रकवर ड्रायव्हर होते भानुदास. बेंबळीचे. वय पन्नाशीजवळ, म्हणून सगळे त्यांना तात्या म्हणायचे. बोलणं कमी. गाडी पुसायचे ती घरचं जनावर पुसावं तशी. एकदा जनावरांच्या छावणीवर पाणी उतरवताना भरलेलं बॅरल घसरलं आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आलं. सोलापूरच्या डॉक्टरनं हाड जुळवलं, पण गुडघा वाकायचा राहिला. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. डोंगराच्या रस्त्यावर दिवसात शे-दोनशे वेळा क्लच दाबावा लागतो. संघाच्या ऑफिसात बोलणं सुरू झालं, तात्यांना गोदामावर राखणीला बसवा.

तात्या मला म्हणाले, "मिस्त्री, म्या गाडीत बसून मरंन. गोदामाच्या दाराशी न्हाय."

त्याच सुमारास विहिरी खोदायला आलेल्या एका परदेशी संस्थेची जपानी पिकअप आमच्या भागात उलटली होती. इंजिन चेचलेलं, बॉडी चपटी. संघानं ती टायरांसाठी भंगारात घेतली. मी खाली शिरून बघितलं आणि चकित झालो. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता, आणि त्यात ओव्हरड्राइव्ह होता.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक विजेवर लावा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो, दोघांमध्ये काहीही जोडलेलं नसताना. ऑटोमॅटिकमध्ये असेच दोन पंखे एका बंद डब्यात असतात आणि वाऱ्याऐवजी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं. गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही, म्हणून क्लच लागत नाही. पुढचे गिअर तेलाच्या दाबानं आपोआप बदलतात. आणि ओव्हरड्राइव्ह म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, ज्यात इंजिन सावकाश फिरतं आणि चाकाकडं जाणारा दांडा त्याच्यापेक्षा जास्त फिरतो. मला एका भंगारात दोन गोष्टी दिसल्या. ट्रकचं बोंबलणं थांबणार, आणि तात्यांचा डावा पाय लागणार नाही.

संघाच्या चेअरमनसाहेबांना मी फक्त पेट्रोलचं सांगितलं. पायाचं सांगितलं नाही. ते संशयी माणूस, एखाद्याचं भलं होतंय असं दिसलं की आधी त्यात काय काळंबेरं आहे ते शोधायचे.

काम दोन महिने चाललं. अमेरिकन इंजिन आणि जपानी गिअरबॉक्स, दोघांची भोकं जुळणार कशी? मी पुठ्ठ्यावर दोन्हींचे ठसे घेतले आणि सोलापूरला एका लेथवाल्याकडून जाड लोखंडी पाट कातून आणला. एका बाजूला एकाचे बोल्ट, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे. मध्य केसभर जरी सरकला तरी तेल अडवणारं पुढचं सील फाटणार. तो पाट मी सात वेळा चढवला आणि सहा वेळा उतरवला. ट्रकच्या चारही चाकांना जोर वाटणारी पेटी सुदैवानं वेगळी होती, त्यामुळं गिअरबॉक्स आणि ती पेटी यांच्यात एक आखूड दांडा टाकून भागलं. तेल थंड करायला रेडिएटरच्या पुढं एका भंगार मशीनची जाळी बसवली. तात्या रोज यायचे, लंगडत, आणि खड्ड्याच्या काठावर बसून मला पाने द्यायचे. कुठला पाना हवा ते त्यांना सांगावं लागत नव्हतं.

या गिअरबॉक्सचं तेल लाल असतं आणि ते त्या काळी आमच्याकडं मिळत नसे. मुंबईहून डबे मागवले. ते आले आणि थेट मल्लिनाथ आप्पांच्या कुलपात गेले. आप्पा आमचे स्टोअरकीपर, सीमेकडचे, रागावले की कानडीत बोलायचे. स्क्रू दिला तरी जुना स्क्रू परत मागायचे. मी काढलेला क्लच आप्पांनी चिठ्ठी लावून फळीवर ठेवला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

चेअरमनसाहेब बघायला आले. दार उघडून खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"मिस्त्री, तिसरं पायडल कुठाय?"

"साहेब, आता ते लागत नाही."

"लागत न्हाय? मग बनवणाऱ्यानं काय येडा म्हणून दिलं हुतं?"

"ते आप्पांच्या स्टोअरमध्ये आहे."

त्यांनी खरंच आप्पांना बोलावून खात्री केली, मग गाडीत बसले. येडशीच्या रस्त्याला तात्यांनी वेग धरला. एक, दोन, तीन असे गिअर आपोआप पडत गेले, आणि मग चौथा पडला तसं इंजिन एकदम शांत झालं. चेअरमनसाहेबांनी घाबरून दांडी धरली. त्यांना वाटलं गाडी बंद पडली. तात्या माझ्याकडं बघून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दिसतील असं हसताना तेवढं एकदाच बघितलं.

वाडीवरही लगेच कुणी विश्वास ठेवला नाही. ड्रायव्हरचा हात हलत नाही, पाय हलत नाही, तरी गाडी चढ चढतीय, हे बायांना पटेना. त्यातून कुणीतरी उठवलं होतं की नव्या यंत्रात लाल औषध घालतात आणि ते पाण्यात उतरतं. एक म्हातारी घागर घेऊन बॅरलापाशी आली आणि तात्यांना म्हणाली, "आदी तू पी."

तात्यांनी दोन तांबे प्यायले. म्हातारी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मग घागर भरली.

महिनाभर सगळं नीट चाललं. मग तेल कमी व्हायला लागलं.

गिअरबॉक्सला एक लांब पट्टी असते, ती बाहेर काढून तेलाची उंची बघायची. आठ दिवसांत तेल खुणेच्या बोटभर खाली गेलं. मी लिटरभर घातलं. पुढच्या आठ दिवसांत पुन्हा तेच. मी खड्ड्यात उतरलो. तळाला थेंब नाही. पाट कोरडा, सील कोरडं, जाळी कोरडी. जमिनीवर रात्रभर पुठ्ठा ठेवला, सकाळी पुठ्ठा जसाच्या तसा. तेल गळत नव्हतं आणि तेल नव्हतं.

आप्पा म्हणाले, "मिस्त्री, तेलाला पाय फुटतेत का? कुणाचे तरी असत्यात."

तोवर गावात लाल तेलाची कीर्ती पसरली होती. गुडघ्याला, कमरेला चोळलं की दुखणं जातं म्हणे. एकदा सास्तूरकडून एक बैलगाडीवाला मुद्दाम वर्कशॉपात आला आणि बैलाच्या खांद्याला लावायला वाटीभर तेल मागू लागला. मी त्याला हाकललं, पण त्याच वेळी माझी नजर तात्यांच्या डाव्या गुडघ्यावर गेली. त्यांच्या पायजम्यावर गुडघ्याच्या वर तांबूस डाग होता.

त्या दिवसापासून मी तात्यांकडं निराळ्या नजरेनं बघायला लागलो. संशयाची एक सोय असते. तो आला की माणसाची प्रत्येक गोष्ट त्यात बसायला लागते. तात्या सकाळी माझ्याआधी का येतात? बॉनेटजवळ कुणी आलं की बोलणं का बदलतात? एकदा ते मला म्हणाले होते, "मिस्त्री, घाट उतरताना गाडी पांढरा धूर टाकती. गेर बदलताना धक्काबी देती." मी म्हणालो, "जुनं इंजिन आहे, धूर टाकणारच." आता मला वाटलं, हे माझं लक्ष दुसरीकडं वळवतात.

मी सापळा लावला. तेलाची पट्टी आणि ती ज्या नळीत बसते ती नळी, दोघींना मिळून बारीक काळा दोरा बांधला, पट्टी ओढली की तुटणारा आणि बॉनेट उघडून मुद्दाम बघितल्याशिवाय दिसणार नाही असा. संध्याकाळी ट्रक आला, दोरा तुटलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. तिसऱ्या दिवशी तात्या पाणी प्यायला गेले असताना मी सीटखाली हात घातला. फडक्यात गुंडाळलेली बाटली निघाली. अर्धी भरलेली, आत लाल तेल.

मी तात्यांना बाजूला घेऊन विचारू शकलो असतो. दोन महिने हा माणूस माझ्या खड्ड्याच्या काठावर बसला होता. पण मी बाटली घेऊन थेट चेअरमनसाहेबांकडं गेलो. ते आप्पा आणि दोन संचालकांबरोबर लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले होते. बाकीचे ड्रायव्हर बाजूला. मी सगळ्यांच्या समोर बाटली टेबलावर ठेवली आणि दोऱ्याचं सांगितलं. ठसक्यात सांगितलं, हेही लिहायला पाहिजे.

तात्यांना बोलावलं. त्यांनी बाटली बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"म्या तेल काढत न्हाय," ते म्हणाले. "घालतूय."

"घालायला आलं कुठून?" मी विचारलं. "डब्यांना आप्पांचं कुलूप आहे."

तात्यांनी तोंड उघडलं, चेअरमनसाहेबांकडं एकदा बघितलं आणि गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं आम्ही सगळ्यांनी कबुली म्हणून धरलं.

"तात्या, उद्यापासनं येऊ नका," चेअरमनसाहेब म्हणाले.

तात्या निघून गेले. मला त्या संध्याकाळी वाईट वाटलं नाही. एखादा न सापडणारा बिघाड सापडल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

ट्रकवर दुसरा ड्रायव्हर दिला. मी तेल खुणेपर्यंत भरलं आणि आता कमी होणार नाही म्हणून निर्धास्त झालो. चार दिवस पट्टी बघितलीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी दुपारी वाडीवरून एकजण सायकल हाणत आला. ट्रक चढावर अडकलाय.

मी मोटरसायकल काढली. आप्पा तेलाचा डबा मांडीवर घेऊन मागं बसले, कारण डबा ते कुणाच्या हातात देत नव्हते, माझ्याही नाही.

वाडीच्या खालचा चढ नुसता खडकाचा. ट्रक त्याच्या मधोमध तिरका उभा होता, चाकांखाली धोंडे लावलेले. ड्रायव्हर आणखी एक धोंडा लावत होता. त्यानं सांगितलं, चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि चाकांतला जोर एकदम गेला. गाडी मागं सरकली. त्यानं ब्रेक दाबला, तसा हिसका बसून दोर तुटला आणि तीन बॅरलं मागच्या बाजूनं खाली गेली. खाली बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. बॅरलं उड्या मारत त्यांच्या मधून गेली. एका बाईचं लुगडं फाटलं, तिच्या घागरीचा चेंदा झाला. बॅरलाखाली माणूस कुणी आलं नाही, हे केवळ नशीब.

पाणी खडकावरून वाहून गेलं होतं. त्या ओल्या पट्ट्याशी बाया बसून होत्या आणि खळग्यात साचलेलं तेवढं वाटीनं उपसून फडक्यातनं गाळत होत्या. पहिल्या दिवशी तात्यांना पाणी प्यायला लावणारी म्हातारीच तेवढी म्हणाली, "आमचा लंगडा ड्रायवर कुठाय?"

मी बॉनेट उघडलं. पट्टी काढली. तिला तेलाचा ओलावासुद्धा नव्हता.

पाच दिवसांत सगळं तेल गेलं होतं, आणि तात्या पाच दिवस बेंबळीला घरी होते. आप्पांनी डबा फोडला, तेल भरलं, मी इंजिन चालू केलं. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. आप्पा धुरात उभे होते. त्यांनी खोकत खोकत दोन-तीनदा हुंगलं आणि हात वर केला.

"मिस्त्री, बंद करा. हा वास माझ्या स्टोअरमधला हाय."

मी इंजिन बंद केलं आणि तिथंच खडकावर उताणा पडून गाडीखाली शिरलो. त्या गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटी पत्र्याची डबी असते. तिच्या आत रबराचा पडदा. डबीपासून एक बारीक नळी इंजिनाकडं जाते. इंजिन श्वास ओढतं तसं त्या नळीतूनही हवा ओढतं, आणि त्या ओढीवरून गिअरबॉक्सला कळतं की इंजिनावर भार किती आहे, गिअर कधी बदलायचा. मी नळी ओढून काढली. तिच्या तोंडातून लाल तेल माझ्या हातावर आलं.

पडदा फाटला होता. इंजिन त्या फटीतून तेल ओढून घेत होतं आणि पेट्रोलबरोबर जाळत होतं. म्हणून जमिनीवर थेंब नव्हता. घाट उतरताना इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून धूर उतरताना दिसायचा. तात्यांनी मला रोगाचं नाव सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

ही डबी बसवायच्या आधी तपासायची असते. नळीच्या तोंडाला तोंड लावून हवा ओढायची, हवा आली तर पडदा फाटलेला. अर्ध्या मिनिटाचं काम. जपानी पिकअप कितीतरी महिने उन्हात पडलेली, रबर वाळलेलं असणार, हे मला कळायला पाहिजे होतं. पाट सात वेळा चढवून बघणाऱ्या मी ती डबी एकदाही तोंडाला लावली नव्हती.

नळीचं तोंड लाकडी खुंटीनं बंद केलं. गिअर उशिरा आणि दणक्यानं बदलत होते, पण गाडी चालली. मुंबईहून नवी डबी येईपर्यंत तसंच चालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेंबळीला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते, डावा पाय समोर लांब करून. त्यांच्या मंडळींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि माझ्याकडं न बघता आत गेल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डबी, पडदा, धूर. माझी चूक झाली म्हणालो.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमी माफी मागाय आलाव, का ड्रायव्हर न्यायला?"

"दोन्हीसाठी."

"मग दोन येळा यावं लागंल."

मी ओट्याच्या कडेला बसलो. बाटलीतलं तेल कुठून आलं ते मी आता विचारलं. जे लिंबाखाली हिसडून विचारलं होतं, ते हळू विचारलं.

"गाडी पयल्यांदा चालू केली तवा तुमी आतलं तेल धुऊन काढलं हुतं. म्हणालाव, फेकून द्या. म्या फेकलं न्हाय. फडक्यातनं चार बार गाळलं आन् ठिवलं. रोज वाडीच्या चढाच्या आदी पट्टी बघायचो, कमी दिसलं की घालायचो. गाळताना मांडीवर सांडायचं, त्याचे ह्ये डाग."

"मग तिथं सगळ्यांपुढं सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तेल आटतंय म्हणून? चेअरमनसाहेब तवाच म्हणले आसते, जुना गेरबॉक्स चढवा. मग ह्यो पाय कुठं ठिऊ?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "मला वाटलं, तुमी हाताला धरून बाजूला न्याल. तिथं सांगावं. तुमी बाटली टेबलावर ठिवली."

मी समोरचा तांब्या उचलून दोन घोट घेतले. मग तात्याच म्हणाले, "पानी वाडीचं हाय. उद्या येतो. तुमच्यासाठी न्हाय."

मी तिथून चेअरमनसाहेबांकडं गेलो आणि चूक माझी होती असं सांगितलं. त्यांनी पंख्याकडं बघत ऐकलं. म्हणाले, "आता गवगवा करू नका. मिस्त्रीची चूक म्हटलं तर उद्या लोक विचारतील, असल्या माणसाच्या हाती गाडी दिली कुणी. तात्यांना घ्या परत. एकदा माफ केलं म्हणून सांगतो." आणि त्यांनी तसंच सांगितलं. ड्रायव्हरांच्या लेखी तात्या माफ केलेले चोर झाले. मी ते ऐकलं आणि माझ्या कामाला लागलो.

तात्या परत आले. ट्रक पहिल्यासारखा चढ चढू लागला. पण पहिल्याच संध्याकाळी, घरी जायच्या वेळी, ते लंगडत शेडच्या दारात आले, खांद्यावरची पिशवी उतरवली, तोंड उघडून माझ्यासमोर धरली.

"बघा."

"तात्या, असं नका करू."

"बघा मिस्त्री. बाटली-बिटली आसंल."

मी बघेपर्यंत ते हलले नाहीत. आत भाकरीचं रिकामं फडकं होतं आणि तंबाखूची डबी. मी मान हलवली, तेव्हा गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी आधीच निघून जायला लागलो, तर ते फाटकाशी थांबून राहायचे.

मी हे काम शिकलो ते सोलापूरच्या एका वर्कशॉपात. तिथं संध्याकाळी फाटकावर पंधरा जण बाहेर पडायचे आणि पिशवी उघडायला लावायचे ती फक्त माझी. का, ते तिथं कुणी बोलून दाखवत नसे. माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला होता आणि आमचं आडनाव सगळ्यांना कळायचं. मी रोज पिशवी उघडायचो आणि मनात म्हणायचो, माझ्या हाती कधी चार माणसं आली तर कुणाला असं उभं करणार नाही. आता मी एका माणसाला तसं उभं केलं होतं, आणि तो मला ते रोज दाखवत होता.

असे महिने गेले. संघाची वार्षिक सभा आली. आम्ही कामगार मांडवाच्या कडेला उभे असायचो, बोलायचं नसायचं. एक सभासद उठला आणि म्हणाला, "ट्रकचं तेल नेणारा ड्रायव्हर अजून नोकरीत कसा?"

चेअरमनसाहेब म्हणाले, "ते मिटलंय. बसा."

तात्या माझ्यापासून दोन माणसांपलीकडं उभे होते. ते खाली बघत होते. मी पुढं झालो. बोलायची परवानगी मागितली की नाही, आठवत नाही. म्हणालो, "तेल कुणी नेलं नाही. इंजिन जाळत होतं. डबीचा पडदा फाटका होता आणि मी तो न तपासता बसवला. ह्यांनी मला धूर सांगितला होता, मी ऐकला नाही. ते तेल घालत होते म्हणून वाडीला महिनाभर पाणी मिळालं. बाटली टेबलावर ठेवली ती मी. चूक माझी."

मांडवात कुजबुज झाली. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की फोरमनची जागा मला मिळणार नाही हे तिथंच कळलं, आणि ती मिळालीही नाही. तेवढ्यात आप्पा उठले. खाकरून म्हणाले, "बरोबर हाय. धुराचा वास म्या स्वतः घेतलाय." आणि लगेच बसले. लोक हसले.

सभा संपली तेव्हा तात्या गर्दीत कुठं गेले ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक वेळेवर वाडीला गेला, वेळेवर आला. संध्याकाळी मी शेडच्या दारात हात पुसत उभा राहिलो. तात्या ट्रक पुसून आले. पिशवी खांद्यावर होती. माझ्याजवळ आल्यावर ते क्षणभर थांबले, पण पिशवी उतरवली नाही.

"येतो मिस्त्री," म्हणाले, आणि फाटकाकडं चालू लागले.